म्हातारपणाची बेगमी

बुलढाणा तालुक्यातील देऊळघाट हे पैनगंगेकाठचे जुने व मोठे गाव. शेती, मजुरी, बारीकसारीक व्यापार आणि जवळच्या बुलढाणा शहरातील नोकऱ्या यांवर अशा गावांचे चालते. एसटीत वाहक, वीजमंडळात तारतंत्री, सहकारी संस्थेत कारकून, बँकेत शिपाई अशा चाकऱ्या करून साठीच्या उंबरठ्यावर माणसे घरी परततात. त्यांच्याकडे पाहून शेतावर राबणारा शेजारी म्हणतो, "यांचे काय बुवा, यांना पेन्शन आहे!" ती पेन्शन किती रुपयांची, हे सहसा कोणी विचारीत नाही. विचारले तरी सांगणाऱ्याला सांगवत नाही.

ही गोष्ट चारचौघांत उघड झाली ती बुलढाण्यातच. २४ डिसेंबर २०१८ रोजी तेथील जिल्हाधिकारी कचेरीसमोर निवृत्त कामगारांचे साखळी उपोषण सुरू झाले आणि ते वर्षानुवर्षे चालले. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय संघर्ष समितीने ते मांडले होते. मागण्या सरळ होत्या: दरमहा किमान साडेसात हजार रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि पतिपत्नींना मोफत औषधोपचार. ४ मार्च २०२० रोजी खासदार हेमामालिनी यांच्यासह समितीचे प्रतिनिधी पंतप्रधानांना भेटले. आश्वासन घेऊन ते परतले. ज्यांनी तीस-तीस वर्षे नोकरी केली, दरमहा ज्यांच्या नावाने पैसे कापले गेले, त्यांना पेन्शनसाठी उतारवयात उपोषणाला बसावे लागावे हे कसे घडले, याचा मागोवा घेण्याचा आमचा प्रयत्न आहे.

पेन्शन हा शब्द मराठी माणसाच्या कानी पडला तो राजवाड्यातून. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली, तेव्हा इंग्रजांनी त्याला सालीना आठ लाखांची नेमणूक बांधून बिठूरला पाठविले. १८५१ मध्ये तो वारला आणि नेमणूक बंद झाली. दत्तकपुत्र नानासाहेबांचे अर्जविनंत्या व्यर्थ गेल्या. देणाऱ्याची मर्जी असेतो पेन्शन, ही त्या काळची कल्पना. १८७१ च्या पेन्शन कायद्याने तिला कायद्याचेच रूप दिले. पेन्शनीबाबत दिवाणी न्यायालयात दाद मागायची तर आधी सरकारी अधिकाऱ्याचा दाखला आणावा लागे. थोडक्यात, पेन्शन ही मेहेरबानी होती.

कारखान्यातील मजुराला ही मेहेरबानीही ठाऊक नव्हती. तिचा एक आरंभ आपल्या विदर्भातच झाला. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबई सोडून ते नागपूरला आले, कारण कापूस जवळ होता. वऱ्हाडातला तो कापूस, ज्याची खामगावची बाजारपेठ तेव्हा दूरदूरपर्यंत नावाजलेली होती. या गिरणीत १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड उभारला गेला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यास प्रारंभ झाला. जर्मनीत बिस्मार्कचा वृद्धापकाळ विम्याचा कायदा झाला तो १८८९ साली, म्हणजे नागपूरच्या फंडानंतर तीन वर्षांनी, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पावलाचे मोल कळते. परंतु मालक बरा निघाला तर कामगाराचे बरे, अशी ती व्यवस्था होती. शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, गिरणी टाटांच्या हातून गेली. राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाने ती काही काळ ओढली आणि नव्या शतकाच्या सुरुवातीस तिचे भोंगे थांबले. कंपनीने दिलेला शब्द कंपनीच्या आयुष्यापेक्षा लांब टिकत नाही. अमेरिकेत हेच १९६३ साली स्टुडबेकर मोटार कारखान्याच्या बाबतीत दिसले. साउथ बेंड येथील तो कारखाना बंद झाला तेव्हा निवृत्तांना व साठीला टेकलेल्यांना पेन्शन मिळाली. पण त्याहून लहान वयाच्या सुमारे चार हजार कामगारांच्या हाती त्यांच्या हक्काच्या रकमेपैकी जेमतेम पंधरा टक्के पडले. त्या धक्क्यातून १९७४ मध्ये तेथे पेन्शनींना संरक्षण देणारा कायदा झाला. पुढे मात्र तेथील कंपन्यांनी ठरावीक पेन्शनीचा शब्द देणेच हळूहळू सोडले आणि कामगाराच्या नावाने बचतीचे खाते उघडून दिले. १९७८ च्या करकायद्यातील एका कलमाने त्याला वाट करून दिली.

स्वतंत्र भारताने निराळा मार्ग धरला. १९५२ मध्ये कामगार भविष्यनिर्वाह निधीचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'फंडा'चा, कायदा झाला. प्रथम तो सहा उद्योगांना लागू होता: सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. कामगाराने पगाराचे सव्वासहा टक्के द्यायचे, तितकेच मालकाने घालायचे आणि निवृत्तीच्या दिवशी सारी रक्कम व्याजासह एकदम हाती घ्यायची. कल्पना चांगली होती. तिच्यातील उणीव गावोगावच्या घरांत दिसे. मुलीचे लग्न, घराचे छत, धाकट्या भावाचे कर्ज यांत फंडाचा पैसा वर्षभरात संपे आणि पुढची पंधरा-वीस वर्षे मुलांच्या तोंडाकडे पाहत काढावी लागत. यात कामगाराचा उधळेपणा पाहणारे पुष्कळ भेटतात. आम्हांला तसे वाटत नाही. ज्या घरात तीस वर्षे गरजा लांबणीवर टाकल्या गेल्या, त्या घरात एकदम आलेला पैसा त्या गरजांनाच आधी मिळणार.

रेल्वेतसुद्धा प्रारंभी फंडच होता, पेन्शन नव्हती. ती १९५७ मध्ये आली. आपल्या धर्मग्रामांतील जुन्या रेल्वे-कुटुंबांत कोणी पेन्शन पत्करली आणि कोणी फंडच बरा म्हणून राहिला, याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. फंड घेणाऱ्यांना त्या वेळी आपण शहाणे ठरलो असे वाटले असल्यास नवल नाही. रोख रक्कम डोळ्यांना दिसते, महागाई दिसत नाही.

१९७१ मध्ये कामगारांसाठी कुटुंब निवृत्तिवेतन योजना आली. नोकरीत असताना कमावता माणूस गेला, तर विधवेला थोडे काही मिळावे एवढाच तिचा हेतू. पुढच्याच वर्षी ग्रॅच्युइटीचा कायदा झाला. या साऱ्या काळात सरकारी नोकर आणि कंपनीतील कामगार यांच्यातील दरी रुंदावत होती. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्याच्या निकालात सांगितले की पेन्शन ही मालकाच्या मर्जीने दिलेली देणगी नसून केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे. आजही तो दिवस निवृत्तांचा दिन म्हणून पाळला जातो. बाजीरावाच्या नेमणुकीपासून येथवर यायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. त्याच वर्षी मुंबईत गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप चालू होता, आणि त्यातील अडीच लाखांच्या वाट्याला असा हक्क कधी आलाच नव्हता.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीतही हाच प्रवास दिसतो. १८९१ च्या 'रेरूम नोव्हारुम' या परिपत्रकात पोप लिओ तेरावे यांची अपेक्षा होती की मजुरी इतकी असावी, की काटकसरीने राहणाऱ्या कामगाराला चार पैसे मागे टाकता यावेत. नव्वद वर्षांनी, १९८१ मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'लाबोरेम एक्सेर्चेन्स'मध्ये वृद्धापकाळच्या पेन्शनीचा व विम्याचा उल्लेख श्रमिकाचा हक्क म्हणून केला. बचतीपासून हक्कापर्यंत विचार पोचला होता. जग मात्र त्याच सुमारास उलट दिशेने, हक्काकडून बचतीकडे, वळू लागले होते.

आता १९९५ कडे येऊ. आमच्या मते सारा पेच या एका वर्षात पडला. त्या वर्षी आपल्या देशात दोन पेन्शनी जन्माला आल्या. पहिली राष्ट्रीयीकृत बँकांतील कर्मचाऱ्यांची, सप्टेंबरात. तिची रक्कम शेवटच्या पगारावर ठरणार होती आणि महागाईप्रमाणे भत्ता वाढणार होता. दुसरी १६ नोव्हेंबरपासून लागू झालेली कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, जिला सारे 'पंच्याण्णवची पेन्शन' म्हणतात. एसटी, वीजमंडळ, सूतगिरण्या, साखर कारखाने, खाजगी कंपन्या या सर्वांतील कामगार या दुसरीत आले.

हिचा पैसा कोठून आला, हे नीट समजून घेतले पाहिजे. मालक जी रक्कम फंडात घालीत होता, तिच्यातूनच पगाराचे ८.३३ टक्के काढून या नव्या निधीत वळविण्यात आले. केंद्र सरकारने १.१६ टक्के घालायचे ठरले. म्हणजे मालकाने नवे काही दिले नाही. कामगाराच्या फंडाचाच एक वाटा कापून त्याची पेन्शन झाली. शिवाय हिशेब खऱ्या पगारावर नव्हे, तर ठरवून दिलेल्या कमाल पगारावर. ही मर्यादा आरंभी पाच हजार, २००१ पासून साडेसहा हजार आणि २०१४ पासून पंधरा हजार रुपये. प्रत्यक्ष पगार वीस हजार असला तरी निधीच्या दृष्टीने तो साडेसहा हजारच.

एक साधारण हिशेब मांडून पाहू. १९७७ साली एसटीत लागलेला वाहक २००७ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला, असे समजा. त्याच्या १९९५ पूर्वीच्या अठरा वर्षांसाठी योजनेच्या तक्त्यात महिना १३५ रुपये धरलेले आहेत. मधल्या बारा वर्षांचा गुणक लावल्यावर ते सुमारे ४०० होतात. १९९५ नंतरच्या बारा वर्षांचा हिशेब असा: साडेसहा हजार गुणिले बारा, भागिले सत्तर. ते होतात १,११४. सारे मिळून दीड हजाराच्या आसपास. तीस वर्षे घाटरस्त्यांवर गाडीत उभे राहून तिकिटे फाडल्याबद्दल महिना दीड हजार रुपये. बायको मागे राहिली तर तिला निम्मे.

दीड हजार थोडेच, पण आमच्या दृष्टीने खरे दुखणे त्याहून निराळे आहे. ही रक्कम हालत नाही. महागाई भत्ता या योजनेत नाही. खेड्यातली माणसे पैशाचे मोल सोन्यावर जोखतात, म्हणून त्याच मापाने सांगतो. २००७ साली दहा ग्रॅम सोने दहा हजारांच्या आसपास होते. आमच्या वाहकाच्या वर्षभराच्या पेन्शनीत दीड तोळ्याहून अधिक सोने येई. २०२५ मध्ये सोने लाखावर गेले, तेव्हा त्याच पेन्शनीत दोन ग्रॅमही येईना. आकडा पासबुकात तोच दिसतो, म्हणून कोणी काही हिरावून घेतले असे वाटत नाही. त्याच गावात त्याच वर्षी बँकेतून निवृत्त झालेल्या शिपायाची पेन्शन मात्र भत्त्यामागून भत्ता वाढत गेली. दोघांचे शिक्षण सारखे, दोघांनी घरे एकाच सुमारास बांधलेली. फरक इतकाच की एकाच्या बाबतीत महागाईचा बोजा मालकाने उचलला आणि दुसऱ्याच्या बाबतीत तो म्हाताऱ्याच्या खांद्यावर ठेवला गेला. कंपनीच्या पेन्शनीचा ऱ्हास म्हणतात तो हाच. पेन्शन नाहीशी होत नाही. काळाची जोखीम कोणी सोसायची, त्याचे नाव बदलते.

पुढचा इतिहास झरझर सांगता येईल. २००८ मध्ये पेन्शनीचा काही भाग आगाऊ एकरकमी घेण्याची सवलत बंद झाली. २०१३ मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने किमान पेन्शन तीन हजार करावी अशी शिफारस केली. हेच कोश्यारी २०१९ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. शिफारस जागच्या जागी राहिली. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन ठरली ती एक हजार रुपये, आणि पुढची दहा वर्षे उलटली तरी तिला कोणी हात लावला नाही. प्रत्यक्ष पगारावर पेन्शन द्यावी म्हणून कामगार न्यायालयात गेले. २०१६ मध्ये एक निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालाने काहींना वाढीव पेन्शनीचा पर्याय देण्याची मुदत मिळाली. त्यासाठी वाढीव वर्गणी मागील व्याजासह भरायची होती. ज्यांच्याजवळ लाखोंची रक्कम शिल्लक होती त्यांना दार उघडले. ज्यांना पेन्शनीची खरी गरज होती त्यांच्यापैकी अनेकांना ते उघडून उपयोग नव्हता. या योजनेचे पेन्शनर देशभरात ७५ लाखांहून अधिक आहेत.

सरकारने आपल्या नोकरांच्या बाबतीतही तोच रस्ता धरला. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नोकरांची जुनी पेन्शन थांबविली. बँकांत तीच पाळी १ एप्रिल २०१० नंतर लागलेल्यांवर आली. आपल्या अनुदानित शाळांतील तरुण शिक्षकांना ही तारीख तोंडपाठ असते. एकाच शिक्षक-खोलीत शेजारी बसणाऱ्या दोघांपैकी एकाचे म्हातारपण ठरलेले, दुसऱ्याचे बाजाराच्या चढउतारावर. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी संपावर गेले ते याच कारणाने. त्यानंतर केंद्राने आणि राज्यानेही काही प्रमाणात माघार घेऊन खात्रीची पेन्शन पुन्हा देऊ केली. संघटनेचे बळ असले की काय मिळते, याचे हे उदाहरण. आमच्या वाहकाच्या मागे असे बळ नाही. निवृत्त माणूस संप तो कशाचा करणार? तो उपोषणच करू शकतो.

मग स्वतः बचत करावी, असा उपदेश होतो. केलीच की लोकांनी. पण बचत ठेवायची कोठे? नव्वदच्या दशकात स्वेच्छानिवृत्तीची रक्कम हाती आलेल्यांना सागाच्या झाडांपासून फायनान्स कंपन्यांपर्यंत किती जणांनी गाठले, हे वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. सरकारी छत्राखालच्या युनिट ट्रस्टची १९६४ ची प्रसिद्ध योजनाही जुलै २००१ मध्ये गोठली, आणि तिच्यावर म्हातारपण सोपविलेली माणसे हवालदिल झाली. बुलढाण्यापुरते बोलायचे तर २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने येथील जिल्हा मध्यवर्ती बँकेला, नागपूर व वर्धा येथील बँकांसह, परवाना नाकारला. शासनाच्या मदतीने बँक पुढे सावरली; पण गावच्या शाखेत ठेव ठेवलेल्यांना मधला काळ फार लांब वाटला. फंडावरचे व्याजही १९८९ पासून दशकभर बारा टक्के होते, ते २०२१-२२ मध्ये ८.१ टक्क्यांवर आले. बचतीचा उपदेश करणाऱ्यांनी हे आकडेही शेजारी मांडावेत.

आणखी एक विसंगती. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये श्रावणबाळ योजनेतील निराधार वृद्धांचे साहाय्य एक हजारावरून दीड हजार केले. ते योग्यच झाले. शेतमजूर आयुष्यभर राबतो, त्याच्या नावाने कोणी काही कापूनही ठेवीत नाही. परंतु जन्मभर वर्गणी भरलेल्या कामगाराला मिळणारी किमान पेन्शन निराधाराच्या साहाय्याहून कमी ठरली. अशा वेळी वर्गणी भरण्याला काय अर्थ, असे देऊळघाटच्या पारावर कोणी विचारले, तर त्याला काय उत्तर द्यावे हे आम्हांला सुचत नाही.

हा प्रश्न दिल्लीचा किंवा बुलढाण्याचा म्हणून बाजूला ठेवता आला असता. तो तसा ठेवता येत नाही, कारण आपणही मालक आहोत. आपल्या विनाअनुदानित शाळांत, वसतिगृहांत, दवाखान्यांत आणि चर्चच्या आवारात शिपाई, आया, स्वयंपाकीण, माळी, वाहनचालक अशी माणसे वीस-पंचवीस वर्षे काम करतात. त्यांतील काहींना आपण लहानपणापासून नावाने ओळखतो. सण आला की त्यांना कपडे मिळतात, आजारपणात फादर व सिस्टर मदत करतात, मुलांची फी माफ होते. ही माया खरी आहे. पण ती बाजीरावाच्या पेन्शनीच्या जातीची आहे. देणारा बदलला, बदली झाली, संस्थेचे व्यवस्थापन दुसऱ्या हाती गेले, की संपली. फंडाचा कायदा १९६० पासून वीस किंवा अधिक नोकर असलेल्या संस्थांनाच बंधनकारक होता, त्यामुळे आपल्या कित्येक लहान संस्था त्याच्या बाहेर राहिल्या आणि यात नियमभंग काही झाला नाही. परंतु नोकरांची संख्या कमी असली तरी मालक आणि बहुसंख्य नोकर यांनी मिळून मागणी केल्यास संस्थेला फंड लागू करून घेता येतो, ही तरतूद १९५२ च्या त्याच कायद्यात होती. आपल्या धर्मग्रामाच्या अर्थसमितीपुढे ती कधी वाचली गेली आहे काय, हे वाचकांनी आपापल्या ठिकाणी विचारून पाहावे.